आधारवरचं वय आणि अंगातला दम

"वय किती आज्जी?"

"काय सांगावं बाई. रझाकाराच्या टायमाला आईच्या कडेवर व्हते म्हणं."

लेकानं आधार कार्ड पुढं केलं. जन्मतारीख १ जानेवारी १९५८. मराठवाड्यात दवाखाना चालवणाऱ्याला ही एक जानेवारी तोंडपाठ असते. खरी तारीख कुणालाच माहीत नसलेल्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. रझाकारांचा धुमाकूळ सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनबरोबर संपला. म्हणजे कडेवरचं हे लेकरू कार्डापेक्षा दहा-अकरा वर्षांनी थोरलं. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं तर आज्जी म्हणाल्या, "दोन लेकरं घेऊन खडी फोडाया जात होते." हिशेब जुळला. आज्जी अठ्ठ्याहत्तरच्या आसपास.

गालाच्या आतल्या बाजूला न भरणारी जखम. चाळीस वर्षं मिश्री. बायोप्सीचा कागद कॅन्सर सांगत होता. थोरला लेक म्हणाला, "पैशाकडं बघू नका, भारीतलं औषध द्या." धाकटा म्हणाला, "ह्या वयात कशाला हाल करायचे?" दोघांचीही माया खरी होती आणि दोघांचंही उत्तर वयाच्या आकड्यावर उभं होतं. आज्जी तोवर बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या.

(या आज्जी म्हणजे माझ्या ओपीडीतल्या दोघी-तिघी मिळून एक आहेत. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या गावातली फिजिशियन आहे. तज्ज्ञाकडे जाण्याआधी आणि तिथून परत आल्यावर लोक माझ्याकडं येतात, म्हणून हे लिहितेय.)

म्हाताऱ्या माणसाचा कॅन्सर तरुणाच्या कॅन्सरपेक्षा वेगळा असेलही, नसेलही. शरीर मात्र नक्की वेगळं असतं, आणि एका म्हाताऱ्याचं दुसऱ्यासारखं नसतं. ऐंशीचा एक गडी सकाळी रानात चक्कर मारून येतो, तर पासष्टचा दुसरा खाटेवरून उठताना दोनदा टेकतो. शरीराची राखीव ताकद किती उरली आहे, हे कार्ड सांगत नाही. ऑपरेशन असो, केमो असो की शेक (रेडिएशन), तिघंही याच राखीव ताकदीतून उचल करतात. ती मोजण्याची एक रीत आहे. तिला वृद्धांची सर्वांगीण तपासणी म्हणतात. केमो घेणाऱ्या ६५ वर्षांपुढच्या रुग्णांची अशी तपासणी करावी, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचनांमध्ये घातलं आणि २०२३ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वृद्ध कर्करुग्णांसाठी २०१८ पासून वेगळं क्लिनिक आहे. तपासणीला लागतं काय? खुर्ची, घड्याळ, वजनकाटा आणि ऐकून घ्यायला अर्धा तास. शेवटची गोष्टच सगळ्यात दुर्मिळ.

सुरुवात चालीपासून करायची. रुग्णाला हाताच्या खुर्चीत बसवायचं. "उठा, तिथवर चालत जा, वळा, परत येऊन बसा." अंतर तीन मीटर. माझ्या दवाखान्यात दोन फुटांच्या फरश्या आहेत, पाच फरश्या मोजल्या की झालं. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, असं धरतात. आकड्याइतकंच बाकीचंही बघायचं. उठताना हातांनी रेटा दिला का, वळताना भिंत धरली का, चालता चालता बोलायला थांबले का. आज्जींना १७ सेकंद लागले.

मग पडण्याबद्दल विचारायचं. "पडलात का कधी?" या प्रश्नाला मराठवाड्यात हमखास "नाही" असंच उत्तर येतं. पडणं म्हणजे हाड मोडणं, असा समज आहे. "पाय घसरला का? चक्कर येऊन खाली बसलात का? न्हाणीत तोल गेला का?" असं विचारलं की खरं निघतं. आज्जी दिवाळीपासून दोनदा बसल्या होत्या.

रोजच्या कामांचा छापील तक्ता असतो. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, प्रवास, औषधं, पैसे. हा तक्ता जसाच्या तसा वाचून दाखवला तर आमच्याकडं काही कळत नाही. म्हणून मी विचारते, दळण गिरणीवर कोण नेतं? भाकरी स्वतः थापता का? श्रावणबाळचा पगार उचलायला एकट्या जाता का, की अंगठ्याला कुणी सोबत लागतं? एसटीत चढताना कुणी हात द्यावा लागतो? आणि प्रत्येक उत्तरामागून, "हे कधीपासून बंद झालं?" दहा वर्षांपूर्वी सुटलेलं काम वेगळं आणि गेल्या दोन महिन्यांत सुटलेलं वेगळं. सून मध्येच म्हणते, "आम्हीच करू देत नाही." त्याचीही शहानिशा करावी लागते. करू देत नाहीत, की करवत नाही म्हणून लाजेकाजेनं असं ठरलंय? बाबा लोकांना स्वयंपाकाचं विचारून उपयोग नाही, त्यांनी तो जन्मात केलेला नसतो. त्यांना पारावर जाता का, भजनाला बसता का, हे विचारायचं. गावात मिसळणं कमी होणं ही गोष्ट किरकोळ वाटते, पण केमोचा त्रास किती होईल याच्या अंदाजात ती धरली जाते.

या अंदाजाचं श्रेय मोठ्या प्रमाणात डॉ. आरती हुरिया यांना जातं. भारतीय वंशाच्या या अमेरिकी डॉक्टरांनी ६५ वर्षांपुढच्या ५०० कर्करुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. केमोमुळे कुणाला गंभीर त्रास होईल हे आधी ओळखता येतं का, हा त्यांचा प्रश्न. उत्तरात ज्या गोष्टी निघाल्या त्या वाचून मी थक्क झाले होते. हिमोग्लोबिन आणि किडनी तर होतीच, त्याशिवाय ऐकू कमी येणं, सहा महिन्यांत पडणं, थोडंही चालायला अडचण, गोळ्या घ्यायला मदत लागणं आणि लोकांत जाणं-येणं कमी होणं. उलट, डॉक्टर नुसतं बघून जो दर्जा देतात, "तब्येत बरी दिसते" छापाचा, तो त्रासाचा अंदाज द्यायला कामाचा ठरला नाही.

पुढचा प्रश्न असा की मोजल्यानं फरक पडतो का? २०२१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. सत्तरीपुढचे, आजार पुढं गेलेले ७१८ रुग्ण. अर्ध्यांच्या डॉक्टरांना या तपासणीचा निकाल आणि काय करावं याच्या सूचना हातात दिल्या, बाकीच्यांच्या डॉक्टरांना दिल्या नाहीत. ज्यांना दिल्या नाहीत त्यांच्या ७१ टक्के रुग्णांना उपचारांचा गंभीर त्रास झाला, ज्यांना दिल्या त्यांच्या ५१ टक्के. आणि या बदलापायी सहा महिन्यांतलं जगण्याचं प्रमाण काही घटलं नाही. नवीन औषध एकही नव्हतं. डॉक्टरांना रुग्ण नीट दिसला, एवढंच.

किडनीचा फसवा आकडा

यावर जरा थांबायला हवं, कारण इथं चांगले चांगले चुकतात. आज्जींच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.० होतं. लॅबच्या छापील मर्यादेत. लेक म्हणाला, "किडनी नॉर्मल हाय ना?"

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. स्नायूच उरले नसतील तर ते तयारच कमी होतं. मग किडनी अर्धी थकली तरी रक्तातला आकडा शहाण्यासारखा दिसतो. म्हणून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज देणारं एक जुनं साधं गणित करतात. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागायचं आणि बाई असेल तर ०.८५ नं गुणायचं. चाळीस वर्षांचा, सत्तर किलोचा गडी, क्रिएटिनिन १.० : उत्तर येतं ९७. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चाळीस किलोच्या आज्जी, क्रिएटिनिन तेच १.० : उत्तर २९. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण आज्जींची किडनी मिनिटाला त्या गड्याच्या तिसरा हिस्सा रक्तसुद्धा गाळत नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेक देताना सोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध देण्याची पद्धत आहे. हे औषध किडनीवर आणि कानांवर येतं. थोरल्याच्या मनातलं "भारीतलं औषध" बहुधा हेच होतं, आणि आज्जींसाठी ते सरळ नुकसानीचं ठरलं असतं.

भारी म्हणजे जास्त, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. जठर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या, वय झालेल्या किंवा अशक्त ५१४ रुग्णांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. काहींना केमोचा ठरलेला डोस, काहींना ८० टक्के, काहींना ६० टक्के. आजार आटोक्यात राहण्यात ६० टक्केवाले मागं पडले नाहीत, आणि त्रास, जगण्याची गुणवत्ता हे सगळं मिळून बघितलं तर तेच बरे राहिले. याचा अर्थ सगळ्यांचाच डोस कमी करा असा नाही. धडधाकट म्हाताऱ्याला वय बघून अर्धा डोस देणं हाही अन्यायच, बरा होणारा आजार हातचा जातो.

औषधांची पिशवी आणि एक सुई

पहिल्या भेटीला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते. सगळी म्हणजे सगळी. बीपीची, साखरेची, आयुर्वेदिक काढा, झोपेची गोळी, शेजारणीनं दिलेली पुडी. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच गोळी निघते. सर्दीच्या गोळीतलं आणि झोपेच्या गोळीतलं औषध म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतं, तोल घालवतं. वजन दहा किलोनं उतरलेलं असतं आणि बीपीच्या गोळ्या मात्र जुन्या वजनाच्याच चालू असतात.

माझी चूक इथं सांगते. एका बाबांची केमो चालू होती आणि क्रिएटिनिन प्रत्येक वेळी थोडं चढत होतं. मी केमोला दोष देत राहिले. तिसऱ्या खेपेला सून सहज म्हणाली, "गुडघ्यासाठी दर बाजाराला सुई घेतात की." वेदनाशामक सुई, दर आठवड्याला, किडनीवर येणारी. मी प्रत्येक भेटीत "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं होतं. सुई औषधात धरत नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. आता मी विचारते, "सुई कुठं घेता? सलाईन कधी लावलं?"

म्हातारचळ नव्हे

मन आणि स्मरण तपासताना एक अडचण येते. प्रचलित चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायचे आणि घड्याळाचं चित्र काढायचं. जिनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचं घड्याळ वाकडं आलं म्हणून तिची बुद्धी गेली असं ठरवायचं? न शिकलेल्या लोकांसाठी हरियाणातल्या बल्लभगढला १९९० च्या दशकात एक वेगळी हिंदी चाचणी बसवली गेली, ती याच कारणानं. मी सोपं करते. उपचार समजावून झाले की विचारते, "आता घरी जाऊन नातीला काय सांगाल?" सांगता आलं तर समजलंय. नाही आलं तर आधी माझं समजावणं चुकलं का ते बघते, कानात मळ आहे का तेही बघते, मग स्मरणाकडं वळते. बहिऱ्या माणसाला विसराळू ठरवणं फार सोपं आहे. समोर बसून, ओठ दिसतील असं, हळू बोलायचं. ओरडायचं नाही.

आणि एक फरक घरच्यांना कळायलाच हवा. विसरभोळेपणा वर्षानुवर्षं चढत जातो. पण कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक बरळायला लागलं, दिवसा गुंगीत आणि रात्री जागं, भिंतीवर माणसं दिसायला लागली, तर तो म्हातारचळ नाही. तो शरीरानं दिलेला बिगुल आहे. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, सात दिवसांचा मलावरोध, घसरलेलं सोडियम, नवी गोळी, काहीही असू शकतं. बहुतेकदा उतरतं, पण त्याच दिवशी दवाखान्यात आणलं तर. काही म्हातारी माणसं बरळत नाहीत, नुसती गप्प गप्प पडून राहतात. त्यांच्याकडं तर कुणाचंच लक्ष जात नाही.

उदास वाटतंय का असं विचारलं तर कुणी हो म्हणत नाही. "कशात जीव लागंना" हे मात्र आपणहून सांगतात.

वजनाचंही तसंच. काटा नसेल तर बांगड्या बघाव्यात, मनगटावरच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या की समजावं. तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त उतरलं असेल तर उपचाराआधी खाण्याकडं बघायचं. आणि आमच्याकडं नेमकं उलट होतं, कॅन्सर कळला की पथ्य सुरू होतं. अंडं उष्ण, दूध कफाचं, डाळ वातूळ. उरतं काय, तर साबुदाणा. तोंड उघडत नसेल तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, ज्वारीच्या कण्या ताकात, हुलग्याचं माडगं, मऊ अंडं, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. तोंडाला शेक लागणार असेल तर दातांचा डॉक्टर त्याच्या आधी. हलणारे, किडलेले दात नंतर काढायला गेलं तर जबड्याचं हाड भरून येत नाही.

रात्री दोनला कोण उठेल?

"घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न अपुरा आहे. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची हजारो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधले पाच-सहा महिने घरात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. रेशन कार्डावर आठ माणसं, घरात तीन. मग मी विचारते, रात्री दोनला ताप आला तर कोण उठेल, गाडी कुणाची, ड्रायव्हरचा नंबर कुणाच्या फोनमध्ये?

कारण केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीचं काम आहे. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. वय झालेल्यांना कधी कधी ताप येतच नाही, नुसतं जेवण सुटतं, धाप लागते, उठवत नाही. तेवढंही पुरेसं समजायचं. आणि मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, टँकरचं पाणी मोजून वापरायच्या दिवसांत चार जुलाबांत किडनी बसते. मी शक्य तिथं पहिल्या डोसची तारीख ठरवण्याआधी तज्ज्ञांना फोन करून घरात त्या पंधरवड्यात कोण आहे ते कळवते. तेही बिचारे गर्दीत असतात, पण ऐकतात.

कुठं जायचं, याचं उत्तर आमच्या भागात बहुधा दोन ठिकाणी संपतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. लातूर, धाराशिव, बीडकडचे बरेच जण बार्शी गाठतात. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथंच सुरू झाली. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. पण तिथं आधारवरचंच वय चालतं. म्हणजे आमच्या आज्जी उपचारासाठी म्हाताऱ्या आणि योजनेसाठी तरुण. पंच्याहत्तरीनंतरचा एसटीचा मोफत प्रवासही हुकला. महात्मा फुले योजनेतून काम झालं, पण जन्मतारखेच्या या एक जानेवारीनं किती जणांना झुलवलं असेल.

राहिला बाहेरच्या बाकड्याचा विषय. "आईला काही सांगू नका, धसका घेईल." असं म्हणणाऱ्या लेकाला मी वाईट म्हणत नाही. मी इतकंच करते, त्याच्यासमोरच आईला विचारते. "आज्जी, तुमच्या दुखण्याचं सगळं तुम्हाला सांगू, का लेकाशी बोलू?" काही जणी खरोखर म्हणतात, "त्यालाच सांगा, मला नका सांगू." तोही त्यांचाच निर्णय. आज्जी म्हणाल्या, "मला ठाऊक हाय काय झालंय ते. आमच्या जावंला असंच झालं होतं."

मग खरा प्रश्न विचारता आला. जास्त दिवस हवेत, हातपाय चालते हवेत, की दुखणं कमी हवं? तिन्ही हवं असतं, पण ओढाताण झाली तर आधी काय? अमेरिकेत गंभीर आजारी असलेल्या साठीपुढच्या २२६ जणांना असं विचारलं गेलं होतं. उपचारानं जीव वाचेल पण कायमचं परावलंबित्व येईल, असं असेल तर चारांतल्या जवळजवळ तिघांनी ते नको म्हटलं. आमच्याकडं वेगळं असेल असं मला वाटत नाही. आज्जी म्हणाल्या, "भाकर थापता आली पायजे. दुसऱ्याच्या हातची मला गोड लागत न्हाई."

तज्ज्ञांनी ऑपरेशन ठरवलं. शेकाची वेळ आली तरी सिसप्लॅटिन नाही. त्याआधीच्या तीन आठवड्यांत झोपेची गोळी हळूहळू सुटली, दोन दात निघाले, दिवसाला दोन अंडी सुरू झाली, आणि नात रोज संध्याकाळी खुर्चीतून दहादा उठ-बस करून घ्यायची. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आज्जी आल्या. मी परत त्यांना पाच फरश्या चालायला लावल्या. १३ सेकंद.

खुर्चीत टेकून त्यांनी माझ्या मनगटाकडं बोट केलं. "बाई, तुम्ही कामून सारखं घड्याळ बघायलाव? कुठं जायचंय का?"